लिली आल्वारेस : तीन अंतिम सामने आणि त्यानंतरचे आयुष्य

१९२६ च्या जुलै महिन्यात विम्बल्डनच्या मध्यवर्ती कोर्टवर महिला एकेरीचा अंतिम सामना तिसऱ्या सेटमध्ये येऊन ठेपला होता. इंग्लंडच्या किटी गॉडफ्री यांनी पहिला सेट ६-२ असा जिंकला होता. त्यांच्या स्पॅनिश प्रतिस्पर्धिनीने दुसरा ६-४ असा परत मिळवला होता आणि निर्णायक सेटमध्ये ती ३-१ अशी पुढे होती. पुढचा गेम तिच्या हातातोंडाशी आलेला होता. आणखी एक गुण मिळाला असता, तर फलक ४-१ असा झाला असता. तो गुण गेला, गेमही गेला. गॉडफ्री यांनी सलग पाच गेम घेतले आणि सेट ६-३ असा संपवला. हरलेल्या त्या तरुणीचे नाव लिली आल्वारेस. वय २१ वर्षे. पुढच्या दोन्ही वर्षी ती पुन्हा अंतिम फेरीत पोहोचली आणि दोन्ही वेळा पराभूत झाली.

तीन वर्षांत तीन अंतिम सामने आणि विजेतेपद एकही नाही, एवढ्या हिशेबावर क्रीडा-इतिहासाच्या पुस्तकांत त्यांची बोळवण होते. तो हिशेब खरा आहे. पण त्यावरून लिली आल्वारेस यांच्या आयुष्याची काहीच कल्पना येत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत युरोपातल्या श्रीमंत स्त्रीला किती मोकळीक मिळू शकत होती आणि पुढच्या तीन दशकांत स्पेनमधल्या स्त्रीकडून किती काढून घेतले गेले, ही दोन्ही टोके या एकाच बाईने पाहिली. पहिल्याचा तिने मनसोक्त उपभोग घेतला, आणि दुसऱ्याविरुद्ध आयुष्याचा उत्तरार्ध खर्च केला.

त्यांचे आडनाव गोव्याच्या वाचकाला अनोळखी वाटू नये. आपल्याकडे पोर्तुगीज वळणाने जे आल्वारिस म्हणून रुळले, तेच स्पेनमध्ये आल्वारेस. लिली मात्र स्पॅनिश असूनही स्पेनमध्ये जन्मल्या नाहीत आणि वाढल्याही नाहीत. ९ मे १९०५ रोजी रोममधल्या एका हॉटेलात त्यांचा जन्म झाला. कुटुंब सधन आणि सदैव प्रवासात असणारे; बालपण प्रामुख्याने स्वित्झर्लंडमध्ये गेले. हिवाळ्यात बर्फ, उन्हाळ्यात टेनिस कोर्ट आणि घरात चार-पाच भाषांचा वावर, अशा वातावरणात त्या वाढल्या. बर्फावरचे स्केटिंग हे त्यांचे पहिले प्रेम होते. सेंट मॉरिट्झ येथे वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी या खेळात सुवर्णपदक मिळवले. घोडेस्वारी, बर्फावरचे स्कीइंग, गिर्यारोहण, बिलियर्ड्स, यातले काहीही त्यांना वर्ज्य नव्हते. १९२४ मध्ये कॅटलोनियातली मोटार शर्यतही त्यांनी जिंकली. या शर्यतीची आठवण वाचकाने ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

त्याच वर्षी पॅरिसला ऑलिम्पिक स्पर्धा झाल्या. रोसा तोरास आणि लिली आल्वारेस या दोन टेनिसपटू स्पेनकडून उतरल्या. ऑलिम्पिकमध्ये सहभागी झालेल्या त्या पहिल्या स्पॅनिश स्त्रिया. पदक दोघींनाही मिळाले नाही. याच स्पर्धेच्या मिश्र दुहेरीच्या यादीत मुंबईच्या लेडी मेहेरबाई टाटा यांचेही नाव होते. मेहेरबाई साडी नेसूनच टेनिस खेळत आणि भारतातल्या स्पर्धांत त्यांनी कितीतरी चषक मिळवले होते. कोर्टवर स्त्रीने काय परिधान करावे, हा प्रश्न त्या काळी युरोपातही सुटलेला नव्हता, आणि त्याचे एक उत्तर पुढे आल्वारेस यांनीच द्यायचे होते. या ऑलिम्पिकनंतर टेनिस हा खेळ ऑलिम्पिकच्या पदकतक्त्यातून बाहेर गेला तो थेट १९८८ मध्ये परतला.

विम्बल्डनचे १९२६ हे वर्ष अनेक अर्थांनी विलक्षण ठरले. स्पर्धेचा तो पन्नाशीचा उत्सव होता. फ्रान्सच्या सुझान लेंग्लेन, म्हणजे त्या काळची महिला टेनिसची अनभिषिक्त राणी, एका सामन्याला उशिरा पोहोचल्या. त्या दिवशी इंग्लंडची राणी मेरी प्रेक्षागृहात वाट पाहत होती. मोठा गदारोळ झाला आणि लेंग्लेन यांनी स्पर्धेतूनच अंग काढून घेतले. अमेरिकेच्या हेलन विल्स शस्त्रक्रियेमुळे येऊच शकल्या नव्हत्या. मैदान असे मोकळे झाले आणि स्पेनच्या या नवख्या मुलीने अमेरिकेच्या मोला मॅलरी यांच्यासारख्या अनेकवारच्या विजेतीला हरवून अंतिम फेरी गाठली.

त्यांचा खेळ पाहायला गर्दी का लोटत असे, याचे कारण निकालांत सापडणार नाही. टेनिसच्या कोर्टवर बेसलाइन आणि नेट यांच्या मधल्या पट्ट्यात उभे राहू नये, असे शिकवले जाते. कारण तिथे चेंडू नेमका पायाशी टप्पा घेतो आणि खेळाडूची त्रेधा उडते. आल्वारेस मात्र नेमक्या त्याच पट्ट्यात उभ्या राहत आणि टप्पा पडताक्षणी, चेंडू वर येऊ न देता, तो परतवत. हाफ-व्हॉली हा फटका इतरांच्या लेखी अडचणीतून सुटण्याचा मार्ग होता. त्यांनी तो आक्रमणाचे हत्यार केला. असा फटका साधला तर प्रतिस्पर्ध्याला सावरायला वेळच मिळत नाही, आणि चुकला तर चेंडू जाळीत जातो. त्या फार वेळा साधत आणि फार वेळा चुकतही. दोन सोप्या फटक्यांनी मिळणारा गुण एका अवघड फटक्याने मिळवण्याचा मोह त्यांना आवरत नसे. सुरक्षित खेळ त्यांना कंटाळवाणा वाटे, हे त्यांचे सामने पाहणाऱ्या साऱ्यांच्याच ध्यानात आले होते. १९२६ चा तो गेम त्या नशिबाने हरल्या असे म्हणणे सोयीचे आहे, पण पटणारे नाही. त्यांना अंतिम फेरीपर्यंत आणणारी आणि तिथे हरवणारी खेळण्याची पद्धत एकच होती.

१९२७ आणि १९२८ मध्ये समोर हेलन विल्स होत्या. विल्स यांच्या चेहऱ्यावर भावनेची रेषही उमटत नसे आणि चेंडू बेसलाइनवरून एखाद्या यंत्रासारखे, सारख्याच वेगाने येत राहत. पहिल्या वर्षी ६-२, ६-४ आणि दुसऱ्या वर्षी ६-२, ६-३ असा निकाल लागला. विल्स यांनी विम्बल्डनची एकूण आठ विजेतेपदे मिळवली, त्यांतली ही पहिली दोन. १९२७ च्या उन्हाळ्यानंतर पुढची काही वर्षे त्यांच्याकडून एखादा सेट जिंकणेही जगात कुणाला साधत नव्हते, हे ध्यानात घेतले तर ६-४ या आकड्याचे मोल कळते. या दोन्ही वर्षी जागतिक क्रमवारीत आल्वारेस दुसऱ्या स्थानी मानल्या गेल्या. १९२७ मध्येच टेनिसवरचे त्यांचे पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध झाले. इंग्रज प्रेक्षकांनी त्यांना सेन्योरिता हे लाडके नाव दिले होते आणि ते अखेरपर्यंत टिकले.

विजेतेपदे त्यांना मिळालीच नाहीत असे नव्हे. १९२९ मध्ये नेदरलँड्सच्या केआ बाउमन यांच्या साथीने त्यांनी फ्रेंच स्पर्धेचे महिला दुहेरीचे अजिंक्यपद मिळवले. १९३० मध्ये मिलानला इटलीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा पहिल्यांदा भरली. तिच्या महिला एकेरीच्या पहिल्या विजेत्या आल्वारेस आणि पुरुष एकेरीचे पहिले विजेते बिल टिल्डन. आज रोममध्ये खेळली जाणारी प्रतिष्ठेची स्पर्धा ती हीच.

इथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. आजच्या अर्थाने त्या व्यावसायिक खेळाडू कधीच नव्हत्या. त्या काळी विम्बल्डनसारख्या स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी असत. विजेत्याला चषक मिळे, रोख रक्कम नव्हे. लेंग्लेन यांनी १९२६ मध्ये पैसे घेऊन प्रदर्शनीय सामने खेळण्याचा करार केला, तेव्हा या स्पर्धांचे दरवाजे त्यांना कायमचे बंद झाले. हौशीपणाचे हे व्रत फार उदात्त मानले जात असे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ इतकाच होता, की ज्याला रिव्हिएरापासून लंडनपर्यंत वर्षभर स्वखर्चाने फिरणे परवडते त्यानेच खेळावे. आल्वारेस यांना ते परवडत होते. त्यांच्या मोकळ्या आयुष्यामागे वडिलांचा पैसा होता, आणि त्यांच्याइतकीच गुणी पण गरिबाघरची एखादी स्पॅनिश मुलगी त्या कोर्टच्या आसपासही पोहोचू शकली नसती. पुढे स्त्रियांच्या प्रश्नांवर त्यांनी पुष्कळ लिहिले, तरी या अंगाकडे त्यांची दृष्टी उशिरा आणि बेताचीच वळली, असे म्हणावे लागते.

१९३१ हे साल त्यांच्या नावाशी एका वेगळ्याच कारणाने जोडले गेले आहे. त्या वर्षी विम्बल्डनच्या कोर्टवर त्या दुभागलेला, म्हणजे दोन्ही पायांसाठी स्वतंत्र घेर असलेला स्कर्ट घालून उतरल्या. तो शिवला होता पॅरिसमध्ये नाव कमावलेल्या एल्सा स्कियापारेल्ली यांनी. योगायोग असा, की या दोघींचाही जन्म रोमचा. लांब घोळदार स्कर्टमध्ये धावताना पाय अडखळतात, ही साधी अडचण या वस्त्राने दूर केली होती. वर्तमानपत्रांनी मात्र तो शिष्टाचाराचा प्रश्न केला. सामन्यातल्या फटक्यांहून त्या कापडाची चर्चा अधिक झाली. दोनच वर्षांनी अमेरिकेच्या हेलन जेकब्स सरळ शॉर्ट्स घालून खेळू लागल्या आणि वाद तिथेच संपला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्पेनमध्ये राजेशाही कोसळली आणि प्रजासत्ताक आले. आल्वारेस यांनी लंडनच्या डेली मेलसाठी या घडामोडींची वार्तापत्रे लिहिली. त्याच प्रजासत्ताकाने वर्षअखेरीपर्यंत स्त्रियांना मताधिकार दिला आणि १९३२ मध्ये घटस्फोटाचा कायदा केला. १९३४ मध्ये आल्वारेस यांनी फ्रान्समधले एक उमराव, काउंट जाँ द गायार द ला वालदेन, यांच्याशी विवाह केला. टेनिस चालूच राहिले, पण पहिली धार उरली नव्हती. त्यांचे एकुलते एक मूल वाचले नाही आणि १९३९ मध्ये पतिपत्नी विभक्त झाले. स्पेनमध्ये तीन वर्षांचे यादवी युद्ध त्याच वर्षी संपले होते आणि जनरल फ्रँको यांची हुकूमशाही सुरू झाली होती. पुढे युरोपभर महायुद्ध पसरले. १९४१ मध्ये त्या स्पेनला परतल्या.

ज्या देशात त्या परतल्या तिथले कायदे पाहण्याजोगे आहेत. विवाहित स्त्रीला नोकरी करायची, बँकेत खाते उघडायचे किंवा प्रवासाला जायचे, तर पतीची परवानगी लागे. ही अट १९७५ पर्यंत टिकली. अविवाहित मुलीला पंचविशी गाठेपर्यंत आईवडिलांचे घर सोडता येत नसे. घटस्फोटाचा कायदा रद्द झाला, तो पुन्हा येण्यास १९८१ साल उजाडले. सरकारपुरस्कृत महिला संघटनेच्या देखरेखीखाली अविवाहित तरुणींना सहा महिन्यांची समाजसेवा करावी लागे, आणि तिचे प्रमाणपत्र नसेल तर सरकारी नोकरी, पारपत्र किंवा वाहन चालवण्याचा परवाना मिळत नसे. १९२४ मध्ये ज्या देशात एका तरुणीने मोटारींची शर्यत जिंकली होती, त्याच देशातली ही गोष्ट. मुलींनी लोकनृत्ये आणि हलके व्यायाम करावेत. धावण्या-उडी मारण्याच्या स्पर्धांनी त्यांच्या अंगी पुरुषीपणा येतो, असे अधिकृत मत होते.

अशा वातावरणात त्यांनी पुन्हा स्पर्धेत भाग घेतला, या वेळी स्कीइंगमध्ये. वय पस्तिशीच्या पुढे गेले होते, तरी त्या राष्ट्रीय विजेत्या ठरल्या. परंतु स्पर्धेत स्त्री खेळाडूंना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल पंचांशी त्यांचा जाहीर खटका उडाला. स्वित्झर्लंडमध्ये वाढलेल्या बाईला गप्प बसण्याची सवय नव्हती. त्यांनी स्पेनचा अपमान केला, असा आरोप ठेवण्यात आला आणि त्यांना स्पर्धांतून बाहेर काढण्यात आले. चौथ्या वर्षापासून ज्या शरीराने त्यांना ओळख दिली होती, त्या शरीराचे सार्वजनिक आयुष्य एका कागदाने संपवले. पुढे त्या कोणत्याही स्पर्धेत उतरल्या नाहीत.

खेळाडू म्हणून निवृत्त झालेली माणसे बहुधा आठवणी लिहितात. आल्वारेस यांनी वेगळे लिहिले. १९४६ मध्ये ‘परिपूर्णता’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे त्यांचे पुस्तक आले आणि त्यानंतर एकामागून एक पुस्तके येत राहिली. त्या श्रद्धाळू कॅथलिक होत्या आणि अखेरपर्यंत तशाच राहिल्या. मात्र त्यांच्या देशातल्या धर्मजीवनात पाद्री आणि जोगिणी तेवढ्या पूर्ण धार्मिक आणि संसारातली माणसे दुय्यम, असा जो समज होता, तो त्यांना मान्य नव्हता. ‘परक्या भूमीत’ अशा अर्थाचे त्यांचे १९५६ चे पुस्तक या प्रश्नाविषयी आहे: जो माणूस मठात नाही, बाजारात, घरात आणि मैदानावर आहे, त्याची साधना कोणती? दुसरी व्हॅटिकन धर्मपरिषद भरून गृहस्थाश्रमी श्रद्धावंतांच्या स्थानाची अधिकृत चर्चा सुरू होण्यास तेव्हा सहा वर्षांचा अवकाश होता. स्पेनमध्ये हे पुस्तक पुष्कळ वाचले गेले. टेनिसच्या आठवणीपलीकडे त्यांना नवा वाचक मिळाला तो या लेखनाने.

या विचारातूनच त्यांचा स्त्रीवाद आला. १९५१ मध्ये माद्रिदला सरकारी महिला संघटनेने स्पॅनिश भाषिक देशांतल्या स्त्रियांचा मेळावा भरवला होता. तिथे आज्ञाधारक गृहिणीच्या गौरवाची भाषणे अपेक्षित होती. आल्वारेस यांनी स्त्रीत्वासाठीची लढाई या विषयावर व्याख्यान दिले आणि अपेक्षेच्या अगदी उलट सूर लावला. स्त्री ही पुरुषाची सावली नव्हे, तिचे स्वतःचे अंतरंग आहे आणि ते वाढवण्याची जबाबदारी तिची स्वतःची आहे, हा त्यांच्या सगळ्या लेखनाचा गाभा. आजच्या वाचकाला यात फार जहाल असे काही दिसणार नाही; स्त्री आणि पुरुष यांच्या मूळ प्रकृती भिन्न आहेत, हे त्या गृहीत धरत आणि पुढच्या पिढीतल्या स्त्रीवादी कार्यकर्त्यांना ते खटके. पण त्या काळी हे बोलायला माद्रिदमध्ये दुसरे व्यासपीठ नव्हते, आणि हुकूमशाहीला कॅथलिक भाषेत दिलेले उत्तर सहजासहजी दडपता येत नसे. ही सोय त्यांनी ओळखली होती की ती आपसूक साधली, हे ज्याचे त्याने ठरवावे.

१९६० मध्ये मारिया लाफित, म्हणजे काउंटेस ऑफ कांपो आलांहे, यांनी स्त्रियांच्या समाजशास्त्रीय अभ्यासासाठी एक मंडळ काढले. लाफित यांनी १९४८ मध्येच स्त्री-पुरुषांतल्या छुप्या युद्धाविषयी ग्रंथ लिहून खळबळ उडवली होती. आल्वारेस या मंडळाच्या संस्थापक सदस्य. मोजक्याच सुशिक्षित स्त्रिया एकत्र येत, पाहण्या करत, अहवाल लिहीत. स्पॅनिश स्त्री स्वतःच्या आयुष्याविषयी काय विचार करते, हे तिलाच विचारावे, ही कल्पना त्या देशात नवी होती. १९६४ मध्ये ‘स्त्रीवाद आणि अध्यात्म’ हे आल्वारेस यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या बेटी फ्रीडन यांच्या गाजलेल्या ग्रंथाचा स्पॅनिश अनुवाद बार्सिलोनात निघाला. त्याची प्रस्तावना आल्वारेस यांची होती. घर हेच सुख, या शिकवणुकीत गुदमरणाऱ्या अमेरिकी गृहिणींची ती कथा, ज्या देशात तीच शिकवण सरकारी धोरण होती तिथल्या वाचकांपुढे एका कॅथलिक काउंटेसच्या हातून गेली.

खेळावरही त्या लिहीत राहिल्या. हौशीपणाच्या ज्या कल्पनेत त्या स्वतः वाढल्या होत्या, तिच्यातला पोकळपणा उत्तरायुष्यात त्यांना दिसू लागला होता. स्त्रीला स्वतःच्या देहाची ओळख मैदानावर जितकी होते तितकी अन्यत्र होत नाही, हा त्यांचा अनुभवसिद्ध निष्कर्ष होता.

फ्रँको १९७५ मध्ये वारले. स्पेन बदलला, कायदे बदलले, मुली मैदानावर आल्या. आल्वारेस माद्रिदमध्ये राहत होत्या. नव्या पिढीला त्यांचे नाव फारसे ठाऊक नव्हते. २ जुलै १९९४ रोजी कोंचिता मार्टिनेझ यांनी मार्टिना नवरातिलोवा यांना तीन सेटमध्ये हरवून विम्बल्डन जिंकले. त्या स्पर्धेच्या महिला एकेरीच्या अंतिम फेरीत स्पॅनिश स्त्री उतरली होती ती १९२८ नंतर प्रथमच, म्हणजे ६६ वर्षांनी. वार्ताहरांना तेव्हा जुन्या नोंदी चाळाव्या लागल्या आणि त्यांत सापडलेली बाई हयात आहे, ८९ वर्षांची आहे, हे अनेकांना तेव्हाच कळले. स्त्रियांच्या खेळाविषयी चांगले वार्तांकन करणाऱ्यांना स्पेनमध्ये आता त्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो.

१९९८ च्या जून महिन्यात आरांत्सा सांचेझ व्हिकारियो यांनी फ्रेंच स्पर्धेचे एकेरीचे अजिंक्यपद तिसऱ्यांदा पटकावले. त्यानंतर महिन्याभराने, विम्बल्डन आटोपून तीन दिवस होत असताना, ८ जुलै रोजी माद्रिदमध्ये लिली आल्वारेस यांचे वयाच्या ९३ व्या वर्षी निधन झाले.